नान्नजच्या माळावर टिटवी ओरडली तर

सोलापुराहून बार्शी रस्त्याने नान्नजला पक्षी बघायला जाताय? उजाडायच्या आत निघा. नऊनंतर माळ तापतो, दुर्बिणीत नुसती हवा थरथरताना दिसते. सूर्य पाठीशी ठेवून चाला, म्हणजे चंडोलाच्या पाठीवरच्या रेघाही स्पष्ट दिसतील. इथे झाडांपेक्षा जमीन निरखायची. धाविक, पखुर्डी, टिटवी उघड्यावरच अंडी घालतात, तीही खड्यांच्या रंगाची. पायाखाली आली तरी कळत नाहीत. म्हणून पायवाट सोडू नका. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, की घरटं जवळच आहे समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा. फोटो राहू दे. हिवाळ्यात संध्याकाळी थांबलात तर भोवत्ये हे शिकारी पक्षी गवतात मुक्कामाला उतरताना दिसतील. ज्याच्यासाठी नान्नजचं नाव झालं, त्या माळढोक पक्ष्याची आशा मात्र धरू नका; तो आता फारच दुर्मीळ झालाय.