लोड बॅलन्सर लावताय? या चुका टाळा

एकाचे दोन सर्व्हर केले, पुढे लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट सर्व्हरांमध्ये वाटून देणारा) बसवला की काम संपलं, असं समजणारे इतके भेटतात की हे एकदा लिहूनच काढतो.

पहिली चूक सेशनची. लॉगिन एका सर्व्हरवर होतं, सेशन (युजर लॉगिन आहे याची नोंद) त्याच्याच डिस्कवर राहतं, पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याकडे जाते आणि युजर पुन्हा लॉगिनच्या पानावर. मग घाईघाईत स्टिकी सेशन चालू करतात, म्हणजे एका युजरला कायम एकाच सर्व्हरकडे पाठवतात. हा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. तो सर्व्हर बंद पडला की त्यावरचे सगळे युजर बाहेर फेकले जातात. मी सेशन पहिल्या दिवसापासून रेडिसमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरना सामाईक अशा वेगळ्या डेटाबेसमध्ये, ठेवतो. अपलोड केलेल्या फाइल्सही लोकल डिस्कवर नकोत.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. आमच्या हेल्थ चेकमध्ये (सर्व्हर चालू आहे का, ही बॅलन्सरची तपासणी) मी डेटाबेसची क्वेरी घातली होती, जास्त खात्री म्हणून. एचएप्रॉक्सी या आमच्या लोड बॅलन्सरची मूळ सेटिंग्ज तशीच होती: दर 2 सेकंदांनी तपासणी, सलग 3 नापास की सर्व्हर बाद. एका दुपारी कोणीतरी जड रिपोर्ट चालवला आणि डेटाबेस मंदावला. चारही सर्व्हर ठणठणीत होते, पण सगळ्यांचा चेक एकदमच नापास झाला. मंद का होईना, चालू राहिली असती अशी साइट सरसकट 503 (सेवा उपलब्ध नाही) देऊ लागली. आम्ही सर्व्हर रिस्टार्ट करत बसलो. डेटाबेसकडे बघायचं सुचायला अर्धा तास गेला. आता माझा हेल्थ चेक फक्त अ‍ॅप उत्तर देतंय का एवढंच पाहतो. डेटाबेससाठी वेगळा अलर्ट.

क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) सगळ्या सर्व्हरवर ठेवू नका. एकच मेल चार वेळा जातो.

कनेक्शन पूल (प्रत्येक सर्व्हर डेटाबेसशी किती कनेक्शन उघडी ठेवणार) ठरवताना गुणाकार करा. पोस्टग्रेस डेटाबेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शनची आहे, चार सर्व्हरचे 30-30 तिथे मावत नाहीत.

युजरचा मूळ आयपी पत्ता सांगणारा एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडर फक्त आपल्या बॅलन्सरकडून आलेला माना, कारण तो कोणीही बनवून पाठवू शकतो.

आणि अधूनमधून येणारा 502, म्हणजे बॅलन्सरला मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याचा एरर. नवशिके लगेच सर्व्हर वाढवतात, आधी टाइमआउट बघा. नोड.जेएसच्या अनेक आवृत्त्यांत कीप-अलाइव्ह (रिकामं कनेक्शन उघडं ठेवायचा वेळ) 5 सेकंदांचा असतो, एडब्ल्यूएसच्या अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट 60 चा. अ‍ॅपने कनेक्शन बंद करायला आणि बॅलन्सरने त्यावरच रिक्वेस्ट पाठवायला एकच गाठ पडते. मी अ‍ॅपचा टाइमआउट 65, म्हणजे बॅलन्सरपेक्षा जास्त, ठेवतो.