यूकेत नवीन आलात? हूवर घेण्याआधी हे वाचा

दरवर्षी आमच्या रेडिंग शहरातल्या ग्रुपवर कुणीतरी नवीन येतं आणि पहिल्या आठवड्यात तोच प्रश्न टाकतं, व्हॅक्यूम क्लीनर कुठला घेऊ, बॅगवाला का बॅगलेस, आणि मग दहा जण दहा लिंका पाठवतात. मी दरवेळी तेच टाइप करून दमले म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक. इथे त्याला हूवर म्हणतात, कंपनी कुठलीही असो. लँडलॉर्डने "हूवर करून ठेव" म्हटलं तर त्या नावाच्या कंपनीचं मशीन शोधत बसू नका.

मी 2012 ला आले तेव्हा बॅगेत केरसुणी घालून आणली होती. घरात पाय ठेवला तर हॉल, बेडरूम, जिना, सगळीकडे कार्पेट! ह्या लोकांना कार्पेटचं एवढं काय वेड आहे मला आजवर कळलं नाही, ओल्या हवेच्या देशात जमिनीवर लोकर अंथरून ठेवतात. केरसुणी आता वर्षातून एकदाच बाहेर येते, लक्ष्मीपूजनाला. तर इथे हूवरशिवाय चालत नाही, पहिल्या पगाराच्या आधीच लागतो.

मग नवरा आणि मी दुकानात गेलो आणि सगळ्यात स्वस्त बॅगलेस उचलला, साधारण चाळीस पौंडांचा. हिशोब काय तर पिशव्यांचा खर्च नाही. सगळे देसी हाच हिशोब करतात, आणि तो अर्धवट आहे. बॅगलेसमध्ये हवा भोवऱ्यासारखी फिरते, जड कचरा डब्याच्या कडेला फेकला जाऊन खाली पडतो, पण बारीक धूळ तशीच पुढे जाते आणि मोटरच्या आधीच्या फिल्टरवर बसते. म्हणजे पिशवी नाही म्हणून काम संपत नाही, तो फिल्टर तुम्हाला धुवावा लागतो. आणि धुतला की पूर्ण वाळायला हवा, कंपनीवाले किमान 24 तास सांगतात, नोव्हेंबरात इथे दोन दिवस धरा. पिशवीवाल्यात पिशवी हाच मोठा फिल्टर असतो, हवा तिच्यातून गाळून जाते, भरत आली की ओढ कमी होते, बदलायची, विषय संपला.

आता माझी दिवाळी ऐका. पहिल्या दिवाळीला आईने पाठवलेली रांगोळी आणि रंग घेऊन दारात चार बाय चारची काढली, हौस. मुलांनी पायांनी ती कार्पेटवर नेली. मी हूवर फिरवला, दोन मिनिटांत ओढ गेली, फिल्टर गच्च. रांगोळी म्हणजे दगडाची पूड हो, तिला कुठला फिल्टर पुरणार! रात्री फिल्टर धुतला, सकाळी फराळाला लोक येणार म्हणून दमटच बसवला आणि परत चालू केला. आधी कुबट वास, मग जळका वास, मग काहीच नाही. मशीन गेलं. त्यात मी शहाणपणा करून उरलेला रंग ओल्या फडक्याने पुसला, तो गुलाबी डाग कार्पेटमध्ये जो मुरला तो घर सोडेपर्यंत. घर भाड्याने देणाऱ्या एजंटने डिपॉझिटमधून 180 पौंड कापले. डिपॉझिट सरकारमान्य स्कीममध्ये असतं आणि कपात पटली नाही तर तिथे फुकट तक्रार करता येते हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. कापले ते निमूट दिले.

म्हणून परत सांगते: रांगोळी, पीठ, भिंतीला भोक पाडल्यावरचा भुगा, काहीही बारीक पूड असेल तर आधी सुपली-ब्रशने उचला, इथे त्याला डस्टपॅन म्हणतात, पाउंड शॉपमध्ये मिळतो. मग उरलंसुरलं हूवरने. आणि ओला फिल्टर बसवायचा नाही. नाही म्हणजे नाही, पाहुणे दारात असले तरी. रांगोळी आता मी मोठ्या ट्रेमध्ये काढते.

त्यानंतर हेन्री घेतला. तो लाल, डोळेवाला, सोंडेसारखा पाइप असलेला, सॉमरसेटमधल्या चार्डला बनतो, इथल्या शाळांतून आणि सफाईवाल्यांकडे हमखास दिसतो आणि बॅगवाला आहे. पिशवी मोठी, दहाचा पॅक मला वर्षभर तरी जातो, महिन्याला पौंड-सव्वा पौंड. फक्त अगदी स्वस्तातल्या कागदी पिशव्या घेऊ नका, माझी एक आतच फाटली होती. घरात कुणाला दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर विचारच करू नका, बॅगवालाच घ्या. बॅगलेसचा डबा उघडून कचऱ्यात झटकताना जो धुरळा उडतो तो सगळा तुमच्या नाकात, एवढी सफाई करून मिळवलं काय?

गावाकडून सासरे विचारतात, किती वॅटचा? वॅट बघू नका. 2014 ला युरोपियन युनियनने 1600 वॅटची मर्यादा घातली, 2017 ला ती 900 वर आणली, तेव्हा यूके त्यातच होतं, म्हणून इथले हूवर कमी वॅटचेच असतात. हेन्री 620 वॅटचा आहे आणि जिन्यावरचे केस व्यवस्थित ओढतो.

डायसन कंपनीचा बॅगलेस वाईट नाही. जेम्स डायसनने 5,127 नमुने करून सायक्लोन, म्हणजे तीच भोवऱ्यासारखी हवा, जमवला, ते काम खरंच मोठं आहे. पण आपल्यातले काही जण तो चार्जिंग स्टँडसकट हॉलमध्ये असा लावतात की पाहुण्याला आधी तोच दिसावा आणि स्वतः मात्र दोन महिने फिल्टर धूत नाहीत. कॉर्डलेस, म्हणजे बॅटरीवरचा, मॅक्सवर (पूर्ण जोरावर) फार तर दहाएक मिनिटं चालतो. लाकडी फ्लोअरचा छोटा फ्लॅट असेल तर ठीक आहे, तीन बेडरूमच्या कार्पेटला नाही.

लांब केस असतील तर फिरत्या ब्रशमध्ये गुंडाळले जातात, महिन्याने कात्रीने कापा. रात्री नऊनंतर फ्लॅटमध्ये हूवर नको.

घर सोडताना एजंट प्रोफेशनल क्लीनिंगची पावती मागेल. इंग्लंडमध्ये 1 जून 2019 पासून तशी सक्ती करता येत नाही, पण घर जेवढं स्वच्छ मिळालं तेवढंच परत द्यावं लागतं, म्हणून पहिल्या दिवशीच कार्पेटचे फोटो काढा, कोपऱ्यांसकट.

सेकंडहँड घेणार असाल तर खुशाल घ्या, आमच्या भावजींचा हेन्री वीस पौंडांचा आहे. फक्त झाकण उघडून आत नाक घाला आणि दोन मिनिटं चालू करून बघा. आधीच्या घरात कुत्रा असेल तर तो वास तुमच्या कार्पेटवर दर शनिवारी नव्याने येतो.