सिस्टम्स बायॉलॉजीत पीएचडी करताय? प्रयोगाआधीच या चुका टाळा

सिस्टम्स बायॉलॉजी म्हणजे प्रयोगाचे आकडे आणि गणिती मॉडेल जोडून सजीवाचा अभ्यास. त्यात बायोकेमिस्ट्रीवालेही येतात आणि गणितवालेही. कोल्हापुरात उसावर पीएचडी करणाऱ्यांची कमतरता नाही. बायोकेमिस्ट्रीचा विद्यार्थी दोन हंगाम सॅम्पल गोळा करतो आणि मग फाइल घेऊन स्टॅटिस्टिक्सच्या मॅडमकडे जातो. "मॅडम, एवढं ॲनालिसिस करून द्या ना." मॅडम विचारतात, "तीन रेप्लिकेट (पुनरावृत्तीची सॅम्पल) म्हणजे तीन काय?" तीन नळ्या. तिन्हींतला ऊस एकाच बेटातला. म्हणजे हिशेबाला सॅम्पल एकच, आणि यावर कुठल्याच सॉफ्टवेअरकडे इलाज नाही. वेगवेगळी बेटं, तीही शेताच्या वेगवेगळ्या भागांतली, घ्यायला हवी होती. लागणीआधी मॅडमकडे अर्धा तास बसला असता तर हे तेव्हाच ठरलं असतं.

दुसरी चूक बॅचची, म्हणजे एकाच वेळी हाताळलेल्या सॅम्पलच्या गटाची. को 86032 या उसाच्या वाणाचा आरएनए (कोणते जीन किती चालू आहेत ते दाखवणारा रेणू) सोमवारी काढला आणि फुले 265 चा गुरुवारी, नव्या किटने. आता दिसतोय तो फरक वाणाचा की किटचा? सांगता येत नाही. रोज दोन्ही वाणांची सॅम्पल घ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पुढे डीईसेक2 (जीन्सच्या चालण्यातला फरक शोधणारं सॉफ्टवेअर) वापरणार असाल तर त्याला कच्चे काउंट (प्रत्येक जीनची थेट मोजणी) द्या, आधीच नॉर्मलाइझ केलेले (एका मापावर आणलेले) आकडे नकोत.

गणित किंवा कॉम्प्युटरकडून आलेल्यांचं दुखणं वेगळं. ते ब्रेंडा या एन्झाइमांच्या माहितीच्या डेटाबेसमधून आकडे उचलतात: एक बटाट्याचा, एक मक्याचा, तापमान आणि पीएच प्रत्येकाचं निराळं. शिवाय व्हीमॅक्स (एन्झाइमचा कमाल वेग) बहुतेकदा मिलिग्रॅम प्रोटीनमागे दिलेला असतो, मॉडेलला मात्र तो पेशीच्या आकारमानामागे लागतो. मधलं रूपांतर राहून गेलं की उत्तर शेकडो पटींनी चुकू शकतं. मॉडेलमध्ये साखर शून्याच्या खाली गेली तर सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) बदलत बसू नका. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) संपल्यावरही ज्याचा वेग शून्य होत नाही, असं समीकरण आधी शोधा. बहुधा दोष तिथेच सापडतो. आणि सहा रीडिंगवर पंधरा पॅरामीटर (मॉडेलमधले ठरवायचे आकडे) बसवले तर काहीही फिट होतं. सुरुवातीच्या किमती बदलून पुन्हा फिट करा. दर वेळी वेगळेच पॅरामीटर आले तर त्या आकड्यांवर निष्कर्ष काढू नका.

सरावासाठी ऊसच घ्या. रोहवर आणि बोथा यांनी 2001 साली उसाच्या कांड्यात साखर कशी साठते याचं कायनेटिक मॉडेल, म्हणजे अभिक्रियांच्या वेगांवर बेतलेलं मॉडेल, मांडलं. ते बायोमॉडेल्सवर (अशा मॉडेलांच्या ऑनलाइन भांडारात) फुकट मिळतं आणि कोपासी या मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं, कोपासीही फुकट. न्यूट्रल इन्व्हर्टेज (साखर फोडणारं एन्झाइम) कमी केलं तर साखर वाढेल, असं ते मॉडेल सुचवतं. बायोकेमिस्ट्रीवाल्याने हे स्वतः चालवून बघावं. गणितवाल्यानेही एकदा तरी इन्व्हर्टेजची ॲसे (एन्झाइम किती काम करतं याची मोजणी) स्वतःच्या हाताने करावी. त्याशिवाय रीडिंग किती हलतं ते कळत नाही.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. त्यात बहुतेक जण आपल्याच विषयाचे, सोपे जाणारे पेपर घेतात. नियमात बसत असेल तर एक तरी दुसऱ्या विभागाचा घ्या. गाइड कुरकुरतील, पण सिनॉप्सिसआधी (संशोधनाचा आराखडा देण्याआधी) विचारलंत तर बहुधा ऐकतील. को-गाइडचंही तेव्हाच बोलून घ्या, आणि पेपरवर कोणाचं नाव कुठे हे लेखी ठेवा. भांडणं तिथेच होतात.

राहता राहिलं एक्सेल. ते मार्च1, सेप्ट2 अशा जीन्सच्या नावांच्या तारखा करून टाकतं. 2020 मध्ये माणसाच्या या जीन्सची अधिकृत नावंच बदलावी लागली, पण जुन्या फाइलींत अजून जुनीच नावं आहेत. फाइलवर डबल क्लिक करू नका. इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून निवडा.