क्रूझवरचा स्पा घ्यावा की नाही : सोलापूरहून निघण्यापूर्वी करायचा हिशेब

क्रूझच्या तिकिटात केबिन, जेवण आणि बहुतेक करमणूक आलेली असते, त्यामुळे एकदा जहाजावर चढले की पुन्हा खिशात हात घालावा लागणार नाही, अशी अनेकांची समजूत होते. स्पा त्यात नसतो. टूर कंपनीच्या माहितीपत्रकात पोहण्याच्या तलावाशेजारी स्पाचाही फोटो असतो. पण तलाव, व्यायामशाळा आणि डेकवरचे गरम पाण्याचे टब सहसा तिकिटातच असतात, तर स्पातील प्रत्येक उपचाराचे बिल वेगळे होते. याचे एक कारण असे की, बहुसंख्य मोठ्या जहाजांवरील स्पा जहाज कंपनी स्वतः चालवत नाही, बाहेरची कंपनी चालवते. पूर्वी स्टायनर या नावाने ओळखली जाणारी आणि 2019 पासून वनस्पावर्ल्ड या नावाने काम करणारी कंपनी या व्यवसायात सर्वांत मोठी आहे. अशा कंपनीला जहाजाशी उत्पन्नाची वाटणी करून उरलेल्या पैशांत नफा काढायचा असतो, आणि जहाजावर तिला शेजारी स्पर्धक नसतो. दर चढे का असतात आणि उपचारानंतर क्रीम-तेलांची विक्री का होते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर यातच आहे.

निर्णयासाठी एकच कसोटी पुरेशी आहे : जे सोलापुरात मिळते ते जहाजावर विकत घेऊ नये, आणि जे फक्त जहाजावरच मिळते त्याचा मात्र मोकळ्या मनाने विचार करावा. फेशियल, वॅक्सिंग, पेडिक्युअर, केसांचे स्पा ही सगळी कामे सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत कोणत्याही चांगल्या पार्लरमध्ये होतात, शिवाय तिथली ताई आपली त्वचा वर्षानुवर्षे ओळखत असते. प्रवासाच्या आठवडाभर आधी ती उरकून घ्यावीत. समुद्र दिसणाऱ्या खिडकीसमोर, ऊब दिलेल्या टाइल्सच्या आरामखुर्चीवर दुपारभर पडून राहणे मात्र इथे मिळणार नाही.

आधी पूर्ण किंमत काढा

दरपत्रकावरचा आकडा हा अखेरचा आकडा नसतो. परदेशी जहाजांवर 50 मिनिटांच्या साध्या मसाजला साधारण 150 डॉलर किंवा त्याहून अधिक पडतात, आणि त्यावर 18 ते 20 टक्के टिप बिलात आपोआप लावली जाते. 20 टक्के धरले तर 150 चे 180 डॉलर झाले. हिशेबापुरता डॉलर 90 रुपयांचा मानला, तर 16,200 रुपये. हे पैसे आपल्या नेहमीच्या क्रेडिट कार्डावरून गेले आणि बँक परकीय चलनावर 3.5 टक्के आकारत असेल, तर आणखी 567 रुपये, शिवाय त्या आकारणीवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे एकूण रक्कम 16,870 रुपयांच्या आसपास जाते. पती-पत्नी दोघांनी घेतला तर तेहतीस हजारांच्या वर. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर बिल रुपयांत होते, म्हणून डॉलरची ही कटकट राहत नाही. तरी कर आणि सेवाशुल्क धरून नेमके किती, हे बुकिंग करतानाच विचारावे आणि उत्तर कागदावर लिहून घ्यावे.

जहाजावर रोख पैसे द्यावे लागत नाहीत, केबिनचे कार्ड पुढे केले की खर्च खात्यात जमा होतो, आणि म्हणूनच तो जाणवत नाही. स्पासाठी किती खर्च करायचा हा आकडा घरीच, रुपयांत, ठरवून निघालेले बरे.

पहिल्या दिवशीचा मोह

सोलापूरच्या प्रवाशाने येथे विशेष सावध राहावे. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरायचे, दुपारपर्यंत कुठेतरी वेळ काढायचा, मग बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलमध्ये सामान तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, आणि चार वाजता जहाजावर पाऊल ठेवायचे तेव्हा कंबर बोलत असते. नेमक्या याच वेळी स्पाचा ‘मोफत फेरफटका’ ठेवलेला असतो : थंड हवा, लिंबू घातलेले पाणी, मंद संगीत, मानेवर दोन मिनिटे हात फिरवून दाखवणारी थेरपिस्ट, सोबत सोडत आणि ‘फक्त आजच’ची सवलत. दुखणारी पाठ घेऊन आलेला माणूस तिथे फारसा विचार करत नाही. फेब्रुवारी 2023 पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत धावते आहे. तिने गेल्यास निदान रात्रीची झोप घरी होते. मात्र ती दुपारीच मुंबईला पोहोचत असल्यामुळे जहाजावर चढण्याची वेळ आधी जुळवून पाहावी.

फेरफटक्याला जाऊच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. जरूर जावे, खोल्या पाहाव्यात, दरपत्रक मागून घ्यावे, आणि मसाजचे बुकिंग न करता परत यावे. त्याच संध्याकाळी सुरक्षिततेची सक्तीची कवायत असते, ती चुकवता येत नाही. तिच्या वेळेवर येणारी अपॉइंटमेंट तर नक्कीच घेऊ नये. सोलापूरकर म्हणून एक गंमत सुचवतो : तिथला टॉवेल चिमटीत धरून पाहावा. ज्या गावच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्या गावच्या माणसाच्या बोटांना लूप दाट आहे की विरळ, धुऊन धुऊन कडक झाला आहे की अजून पाणी टिपतो, हे लगेच समजते. टॉवेलवर काटकसर करणारा स्पा तेलावरही करत असेल, असा माझा संशय आहे, पुरावा नाही.

मसाज घ्यायचाच असेल तर

जहाज बंदरात असते तेव्हा बहुतेक प्रवासी गावात फिरायला उतरतात आणि स्पा रिकामा पडतो. सवलती त्या दिवशी निघतात, कधी दोन-तीन छोटे उपचार एकत्र करून. आधी पाहिलेल्या गोव्यासारख्या बंदरात उतरण्याची हौस नसेल, तर मसाजसाठी तो दिवस राखून ठेवावा. याउलट दिवसभर समुद्रातच असलेल्या दिवशी मागणी जास्त आणि दर पूर्ण असतात.

बंदरात बाहेर पडूनही मसाज घेता येतो, आणि काही ठिकाणी तो जहाजावरच्यापेक्षा अस्सल असतो. सिंगापूरहून निघणारी काही जहाजे फुकेतला थांबतात. तिथे तासाभराचा थाई मसाज साध्या दुकानात तीन-चारशे बाथमध्ये होतो, आणि पारंपरिक थाई मसाजला युनेस्कोने 2019 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. तोच प्रकार जहाजावर कित्येक पट दराने घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. कोचीला उतरणाऱ्यांना आयुर्वेदिक केंद्रांचा पर्याय आहे. पण पंचकर्म हा अनेक दिवसांचा, वैद्यांच्या देखरेखीखाली करायचा उपचार असल्याने तासाभरात उरकून देणाऱ्याकडे जाऊ नये. जहाजावर परत येण्याच्या वेळेच्या निदान दीड तास आधी मोकळे व्हावे, कारण उशीर झालेल्या एकट्यादुकट्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही.

बुकिंग करताना तीन-चार गोष्टी स्पष्ट कराव्यात. 50 मिनिटे म्हणजे प्रत्यक्ष मसाजची की कपडे बदलणे धरून? रद्द करायचे झाल्यास किती आधी? बहुतेक ठिकाणी 24 तासांची अट असते आणि उशीर झाल्यास पैसे कापले जातात. थेरपिस्ट स्त्री हवी की पुरुष, हे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे, आणि आपल्याकडच्या मावशी-काकू ज्या कारणासाठी आत जायला बिचकतात ते यानेच सुटते. अंग चादरीने झाकलेले असते, जेवढ्या भागाला मसाज चालू आहे तेवढाच उघडा करतात, आणि कपडे किती काढायचे हे आपण ठरवायचे असते.

सुरुवातीला आरोग्याचा एक फॉर्म भरून घेतात. तो घाईने ‘नाही, नाही’ करत भरू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोरकस मसाज टाळावा. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीने गरम दगडांचा मसाज घेऊ नये, कारण चटका बसलेला तिला कळत नाही. लांबच्या प्रवासानंतर एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखत असेल, तर तिथे मालीश न करता जहाजावरच्या डॉक्टरांना दाखवावे. रक्ताची गुठळी असू शकते. गरोदर स्त्रियांनी सौना (कोरड्या उष्णतेची खोली) आणि स्टीमपासून दूर राहावे.

याच फॉर्मवर किंवा तोंडी, मसाज सुरू होण्यापूर्वीच, “प्रॉडक्ट्स नकोत, फक्त मसाज” असे सांगून टाकावे. न सांगितल्यास शेवटी काय होते ते असे : तुम्ही अर्धवट झोपेत, अंगावर गाऊन, हातात आल्याचा चहा, समोर थेरपिस्ट डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखा दिसणारा कागद घेऊन बसते, त्यावर चार बाटल्यांच्या नावांपुढे खुणा केलेल्या असतात, आणि तुमच्या खांद्यांत किती ‘टॉक्सिन्स’ साठले आहेत हे ती गंभीरपणे सांगते. तिच्यावर रागावू नये, तिची कमाई बरीचशी या विक्रीवर असते. पण शरीरातील टाकाऊ पदार्थ बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, सागरी शेवाळाचा लेप करत नाही. लेप गुंडाळून कंबर काही सेंटीमीटरने कमी झाल्याचे टेपने दाखवतात, ती घट पाण्याची आणि आवळण्याची असते, एकदोन दिवसांत भरून निघते. ‘डिटॉक्स’ या नावाखाली जे काही असेल ते सरळ वगळावे. बोटॉक्स आणि फिलर ही चेहऱ्यावरची इंजेक्शनेही जहाजावर घेऊ नयेत. काही बिघडले तर आठवड्यानंतर दाखवायला तो डॉक्टर सोलापुरात नसतो.

स्पा बऱ्याच जहाजांवर वरच्या मजल्यावर, पुढच्या टोकाला असतो, आणि जहाजाचे हेलकावे तिथेच अधिक जाणवतात. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी हवा खराब असलेल्या दिवशी पालथे झोपून, तोंड गादीच्या भोकात घालून तासभर पडण्याचे धाडस करू नये. फेशियलनंतर लगेच उन्हात किंवा तलावात जाऊ नये.

ज्याचे पैसे वसूल होऊ शकतात

मोठ्या जहाजांवर ‘थर्मल स्वीट’ नावाचा एक विभाग असतो : सौना, स्टीम रूम, वेगवेगळ्या फवाऱ्यांचे शॉवर, तापवलेल्या आरामखुर्च्या, कधी खनिजयुक्त पाण्याचा तलाव. यासाठी दिवसाचा किंवा पूर्ण सफरीचा पास मिळतो. 70 ते 90 अंशांच्या सौनाचे अप्रूप, मे महिन्यात 43 अंशांत दुचाकीवरून बाजारात जाणाऱ्यांना किती वाटेल याची मला शंका आहे. तरीही मोठ्या खिडकीसमोरच्या त्या खुर्च्या आणि तिथली शांतता यासाठी पास घेण्यासारखा आहे. अट एकच, समुद्रातले दिवस पुरेसे असावेत. पासची किंमत सफरीच्या एकूण दिवसांनी न भागता, आपण खरोखर तिथे जाऊ अशा दिवसांनी भागावी. सात रात्रींच्या सफरीत असे तीन दिवस असतील आणि पास 200 डॉलरचा असेल, तर दिवसाला सुमारे 67 डॉलर पडतात. रोज तीन-चार तास बसणार असाल तर ठीक, अर्ध्या तासात कंटाळणार असाल तर नाही. दोन-तीन रात्रींच्या मुंबई-गोवा फेरीत हा हिशेब बहुधा बसत नाही. पासांची संख्या मर्यादित ठेवतात, त्यामुळे घ्यायचा असल्यास पहिल्याच दिवशी घ्यावा. काही जहाजांवर कपडे बदलण्याच्या खोलीला लागून असलेला सौना सर्वांना फुकट असतो. पास घेण्यापूर्वी तो आहे का, ते विचारावे.

उतरण्याच्या आदल्या दिवशी दुपारीच जहाजावरच्या खात्याचा तपशील काढून पाहावा. टिप आधीच लागली असताना सहीच्या पावतीवर पुन्हा ‘अतिरिक्त टिप’ची रिकामी ओळ असते आणि तिथे चुकून आकडा लिहिला जातो; रद्द केलेली अपॉइंटमेंटही कधी बिलात राहून जाते. रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी खिडकीवर लांब रांग लागते, त्याआधी दुरुस्ती करून घ्यावी.