गरोदरपणात दारू घेतली गेली असेल, तर बाळाकडे लक्ष कसं ठेवायचं

आईने घेतलेली दारू वारेतून बाळाच्या रक्तात उतरते. थोड्याच वेळात दोघांच्या रक्तातलं तिचं प्रमाण जवळपास सारखं होतं, पण बाळाच्या अपुऱ्या वाढलेल्या यकृताला ती पचवता येत नाही. शिवाय ती गर्भजलातही रेंगाळते. ‘बिअर सौम्य असते’ हा समज आधी काढून टाका: ५ टक्क्यांच्या ३३० मिलि बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं, जवळपास ४० मिलि व्हिस्कीएवढंच. गरोदरपणात ‘इतकी चालते’ असं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही.

अजून बाळंतपण व्हायचं असेल, तर कितव्याही महिन्यात थांबलात तरी फायदाच आहे, कारण मेंदू शेवटपर्यंत घडत असतो. मात्र रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कोणत्या महिन्यांत घेतली, एका वेळी किती, आणि शेवटची कधी. दिवस गेल्याचं कळण्याआधी घेतलेलीही धरा. चेहरा आणि हृदय पहिल्या दोन महिन्यांतच आकाराला येतात. शेवटची वेळ महत्त्वाची, कारण प्रसूतीच्या तोंडावर दारू घेतली असेल तर जन्मानंतर पहिल्याच दिवशी बाळ थरथरू लागतं, सारखं किरकिरतं, झोपत नाही. हे सांगताना आईला बोल लावू नका. ती गप्प बसली तर नुकसान बाळाचंच होतं.

थरथर दिसली की बाळाचा तो हात किंवा पाय हलकेच धरा. धरल्यावर थांबली, तर बहुधा साधी थरथर. तरी डॉक्टरांच्या कानावर घाला, रक्तातली साखर तपासावी लागते. धरूनही झटके चालूच राहिले, डोळे एका बाजूला वळले किंवा बाळ सायकल चालवल्यासारखे पाय मारू लागलं, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.

खरी कसोटी दूध पाजताना लागते. अशी बाळं जोर लावून ओढत नाहीत, दोन-चार घोट घेऊन थकून झोपतात. खोलीत मंद उजेड आणि शांतता ठेवा, बाळाला उघड्या अंगाने छातीशी धरा, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ वेळा लघवी व्हायला हवी. जन्माच्या वजनात १० टक्क्यांहून जास्त घट झाली, किंवा दोन आठवड्यांत ते भरून निघालं नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आईने पुन्हा दारू घेतली, तर ३३० मिलिच्या प्रत्येक बिअरमागे निदान दोन तास अंगावर पाजू नये. आधी दूध पिळून टाकल्याने दारू लवकर उतरत नाही. आणि त्या रात्री बाळाला आपल्या अंथरुणात मुळीच घेऊ नका.

डोळ्यांच्या आखूड फटी, नाक-ओठांमधली सपाट झालेली खाच, वरचा पातळ ओठ या खुणा डॉक्टरांनाच पाहू द्या. बाधित मुलांपैकी बहुतेकांचा चेहरा इतरांसारखाच असतो. त्रास आत, मेंदूत असतो. म्हणून ऐकू येण्याची आणि हृदयाची तपासणी करून घ्या, दर भेटीत डोक्याचा घेर मोजून नोंदवा. दोन महिन्यांत बाळ ओळखीचं हसत नसेल, चार महिन्यांत मान धरत नसेल, नवव्या महिन्यात बसत नसेल, तर ‘बसेल हळूहळू’ म्हणू नका. व्यायामोपचार लगेच सुरू करा. पुढे शाळेत गणित, स्मरणशक्ती आणि एकाग्रता अडते, तेव्हा या मुलांना हट्टी, आळशी ठरवलं जातं. गरोदरपणातली ती माहिती फाइलमध्ये असेल, तर तेव्हाचे डॉक्टर योग्य दिशेने तपासणी करतील.