पावसाआधी टायरवरचे आकडे एकदा वाचाच
जूनचा पहिला पाऊस पडला की चोर्ला घाटात गाडी कशी घसरते ते ज्याने बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको, म्हणून मे महिन्यातच टायर नीट बघून घ्या. बाजूला १८५/६५ आर १५ असं काहीतरी लिहिलेलं असतं, १८५ म्हणजे रुंदी मिलीमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार, आणि रिम १५ इंची. पण खरं बघायचं ते टायरवरच्या डॉट (DOT) या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे, २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलाय, एका बाजूला दिसले नाहीत तर आतल्या बाजूला बघा. माझी स्टेपनी अशीच जुनी निघाली, नक्षी नवीकोरी पण बोट फिरवलं तर बारीक बारीक भेगा. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे १.६ मिमीच उरलं, मग प्लीज बदलाच. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असते तेवढीच भरा, टायरवरचा हवेचा आकडा कमाल मर्यादेचा असतो, आणि सकाळी टायर थंड असतानाच भरा, म्हापशाहून पणजीला जाऊन आल्यावर नको.