ठाणे-नवी मुंबईत महासभेला जाऊन बसायचे असेल तर

महापालिकेची महासभा, म्हणजे सर्व नगरसेवकांची सर्वसाधारण सभा, नागरिकांसाठी खुली असते, हे घोडबंदर रोडवरच्या किंवा घणसोलीतल्या सोसायटीच्या बैठकीत सांगितले, की निम्मे लोक आश्चर्याने पाहतात. त्यांचा त्यात दोष नाही. नवी मुंबईतील नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये आणि ठाण्यातील मार्च २०२२ मध्ये संपली, आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत दोन्हीकडे महासभेचे आणि स्थायी समितीचेही अधिकार प्रशासकाच्याच हाती होते. ठराव होत होते, पण ते ऐकायला बसावे अशी सभाच भरत नव्हती, त्यामुळे ज्यांना प्रेक्षक गॅलरीत बसण्याची सवय होती त्यांचीही ती मोडली.

दोन्ही महापालिकांना लागू असलेला कायदा एकच आहे, तो म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. सभेच्या कामकाजाचे नियम त्याच्या अनुसूचीतील दुसऱ्या प्रकरणात दिलेले आहेत. दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे, तिची नोटीस सर्वसाधारणपणे पूर्ण सात दिवस आधी निघाली पाहिजे, आणि त्या नोटिशीत कोणते कामकाज होणार याचा उल्लेख असला पाहिजे. तातडीच्या प्रसंगी ही मुदत कमी करता येते, मात्र वार्षिक अर्थसंकल्पाच्या सभेला ती सवलत नाही. सभा जनतेसाठी खुली असते. एखाद्या विषयावरची चर्चा बंद दाराआड व्हावी असे वाटल्यास उपस्थित नगरसेवकांनी बहुमताने तसा ठराव करावा लागतो. म्हणजे गॅलरी रिकामी करायची तर त्यामागे ठराव हवा. गोंधळ घालणाऱ्या प्रेक्षकाला मात्र पीठासीन अधिकारी, म्हणजे सभेच्या अध्यक्षस्थानी असलेली व्यक्ती, केव्हाही बाहेर काढू शकतात, तेव्हा वरून घोषणा देण्याचा मोह टाळलेला बरा.

खरी तयारी सभेच्या दिवसाची नव्हे, आधीच्या आठवड्याची असते. सचिव विभाग विषयपत्रिका काढतो. ती महापालिकेच्या संकेतस्थळावर शोधावी, न सापडल्यास सचिव विभागात जाऊन मागावी किंवा आपल्या प्रभागातील नगरसेवकाकडून तिची प्रत घ्यावी. नुसत्या विषयपत्रिकेवर समाधान मानू नये. तिच्यातील ओळ बहुधा ‘अमुक कामास मंजुरी मिळणेबाबत’ एवढीच असते, आणि काम कोणते, खर्च किती, तो अर्थसंकल्पातील कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून) होणार, ठेकेदार कसा निवडला हे सारे सोबतच्या गोषवाऱ्यात दडलेले असते. गोषवारा वाचताना दोन आकड्यांवर पेन्सिलीने खूण करावी. पहिला ‘५(२)(२)’, म्हणजे अनुसूचीतील पाचव्या प्रकरणाचा नियम, ज्याच्या आधारे निविदा न मागवता काम देता येते. दुसरा ‘६७(३)(क)’, म्हणजे आणीबाणीच्या प्रसंगी आयुक्तांना तत्काळ काम करून घेण्याचा अधिकार देणारे कलम. नाला फुटला, भिंत कोसळली, तर हे अधिकार हवेतच. पण दरवर्षी जूनमध्ये येणारा पाऊस आणीबाणी म्हणून दाखवलेला असेल, तर प्रश्न विचारण्याची जागा तीच आहे.

पत्रिकेचा मुख्य भाग आल्यावर पुरवणी विषयपत्रिका येते, आणि माझ्या अनुभवात वादाचे विषय हमखास तिच्यातच असतात. म्हणून सभेच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा चौकशी करावी. नोटिशीत नसलेला, आयत्या वेळी आणलेला विषय हा कायद्याच्या दृष्टीने अपवाद आहे. तो आला तर त्याची वेळ आणि तो कोणी मांडला हे लिहून ठेवावे.

ठाण्याची महासभा पाचपाखाडीतील मुख्यालयात, नरेंद्र बल्लाळ सभागृहात भरते. नवी मुंबईचे मुख्यालय बेलापूरला, सेक्टर १५-ए मध्ये, पाम बीच रोडच्या टोकाशी आहे. दाराशी सुरक्षारक्षक अडवण्याची शक्यता गृहीत धरावी. ओळखपत्र जवळ ठेवावे, एक दिवस आधी सचिव विभागाला ‘महासभेस प्रेक्षक म्हणून उपस्थित राहणार आहे’ असे दोन ओळींचे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. पोचेचा तो शिक्का रक्षकाशी घातलेल्या हुज्जतीपेक्षा लवकर काम करतो.

आत बसल्यावर आधी हजेरी मोजावी. गणपूर्तीसाठी, म्हणजे सभा चालण्यास लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, एकूण सदस्यसंख्येचा तिसरा हिस्सा लागतो. ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ नगरसेवक निवडून येतात, त्यावरून दोन्हीकडे साधारण किती खुर्च्या भरलेल्या असाव्यात याचा अंदाज येतो. स्वीकृत, म्हणजे निवडून न येता नेमलेले, सदस्य बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत. मते समसमान पडली, तर पीठासीन अधिकाऱ्यांचे निर्णायक मत लागू होते.

कामकाजाचा वेग नवख्या माणसाला चकवतो. लक्षवेधीवर, म्हणजे एखाद्या तातडीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणाऱ्या सूचनेवर, दीड तास खडाजंगी होते आणि नंतर ‘विषय क्रमांक अठरा’, ‘मंजूर’, ‘एकोणीस’, ‘मंजूर’ असे बारा विषय पाच मिनिटांत संपतात. म्हणून विषयपत्रिकेच्या समासात प्रत्येक क्रमांकापुढे एकच अक्षर लिहावे: मंजूरला ‘मं’, नामंजूरला ‘ना’, तहकूबला ‘त’ आणि उपसूचनेसह, म्हणजे मूळ प्रस्तावात बदल सुचवून, मंजूर झाल्यास ‘उ’. या शेवटच्या अक्षराभोवती गोल करावा. एका सभेत, ती कोणत्या शहरातली हे राहू द्या, उद्यानाच्या देखभालीचा विषय ‘उपसूचनेसह मंजूर’ असे म्हणून पुढे गेला. उपसूचना माइकवर कोणी वाचली नाही, आम्हीही चहाच्या नादात विचारले नाही. पुढे इतिवृत्त, म्हणजे सभेच्या कामकाजाची लेखी नोंद, पाहिले तेव्हा गोषवाऱ्यातील दोन वर्षांची मुदत पाच वर्षांची झालेली होती. उपसूचना लेखी दिलेली असते. सूचक आणि अनुमोदक कोण, हे त्याच क्षणी टिपले, तर सभा सुटल्यावर त्यांच्यापैकी एकाला गाठून मजकूर विचारता येतो.

महासभेत नागरिकाला बोलण्याचा अधिकार नाही. आपला प्रश्न नगरसेवकामार्फतच मांडावा लागतो, आणि तो त्यांच्याकडे सभेच्या बऱ्याच आधी, लेखी पोचला पाहिजे. स्थायी समितीच्या सोळा सदस्यांच्या बैठकीला महासभेइतकीच मोकळीक असेल असे धरून चालू नये. आधी विचारूनच जावे. भूखंडाचे आरक्षण (मैदान, उद्यान वगैरेसाठी राखलेली जागा) बदलण्याचा विषय असेल, तर गोष्ट वेगळी. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार असा फेरबदल करायचा तर हरकती व सूचना मागवाव्या लागतात, त्यासाठी नोटिशीपासून एक महिन्याची मुदत असते, आणि तिथे आपले म्हणणे स्वतःच्या सहीने मांडता येते. ‘मैदान वाचवा’ हा फलक धरण्यापेक्षा भूखंड क्रमांकासह दिलेली एक पानी हरकत जास्त उपयोगी पडते, कारण तिची नोंद होते.

सभा संपली तरी काम संपत नाही. ठराव मंजूर झाला म्हणजे तो कायम राहीलच असे नाही. कलम ४५१ खाली राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकते. म्हणून ठरावाचा क्रमांक आणि तारीख हवीच. पुढील सभेत इतिवृत्त कायम झाले, की त्याची प्रत मागावी. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) नुसार कोणत्या समित्यांच्या बैठका खुल्या आहेत आणि त्यांची इतिवृत्ते लोकांना पाहता येतात का, हे प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायचे असते. ते सापडले नाही, तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत बसवावा. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम न लिहिता ‘दिनांक अमुकच्या महासभेतील विषय क्रमांक अमुकचा गोषवारा, लेखी उपसूचना आणि कायम झालेले इतिवृत्त’ असे नेमके मागावे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास किंवा अपुरे आल्यास तीस दिवसांत प्रथम अपील करावे, आणि त्या अपिलासोबत समासात ‘उ’ लिहिलेल्या त्या पानाची झेरॉक्स जोडावी.